डीएनए चाचणीचे डबे घरात येऊन पडलेत, थुंकावं की नाही?

पेणकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवरच असते, पण हा प्रश्न कुठे विचारावा कळेना, म्हणून इथे टाकतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी भाची टोरांटोहून आलीय, महिनाभर आमच्याकडे ठाण्याला. येताना चॉकलेटं, बदाम आणि डीएनए चाचणीचे चार डबे घेऊन आली. सेलमध्ये स्वस्तात मिळाले म्हणे. डब्यात प्लास्टिकची नळी असते. तिच्यात रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण दाबलं की औषध खाली उतरतं, मग हलवून पिशवीत बंद करायचं. भाची जाताना घेऊन जाणार, तिथून लॅबला पाठवणार, आणि दोनेक महिन्यांनी कळणार की आपण किती टक्के कोण. माझ्या मुलाने पहिल्याच रात्री थुंकून ठेवलं. माझा, माझ्या आईचा आणि आमच्या ह्यांचा डबा शोकेसमध्ये हनुक्काच्या पितळी दिव्याशेजारी तसाच पडून आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आडनावाला 'कर', घरात मराठी, गावं सगळी रायगड जिल्ह्यातली. शाळेत नव्या बाई आल्या की विचारायच्या, ख्रिश्चन का गं? नाही. मुसलमान? नाही. मग पारशी असशील! एकदा कंटाळून हो म्हटलं आणि अख्खं वर्ष वर्गात पारशी म्हणून काढलं. २०१६ साली राज्य सरकारने आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हापासून फॉर्मवरचं 'इतर' तरी सुटलं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात आम्ही साडेचार हजारांच्या आसपास होतो, आणि त्यात कोचीनचे नि बगदादी ज्यूसुद्धा आले. एवढी माणसं तर ठाणे स्टेशनच्या एका पुलावर संध्याकाळी असतात.

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी. दोन हजार वर्षांमागे अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. धर्मग्रंथ समुद्रात गेले, 'शेमा इस्राएल' एवढी प्रार्थना तोंडपाठ राहिली. जगलेल्यांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं. पुढे कधीतरी डेव्हिड रहाबी नावाचा माणूस आला. त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली, तर त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढीच मासळी निवडून घेतली, ज्यू धर्माला तेवढीच चालते. तेवढ्यावरून त्याने ओळखलं. म्हणजे आमची पहिली चाचणी मासळीच्या टोपलीवर झाली, आणि ती आम्ही पास झालो!

घरातलं सांगायचं तर माझ्या लग्नात आदल्या रात्री मेंदी, हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. नवस फेडायचा असला की मलिदा. पेणचे पातळ पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वरून बदाम-पिस्ते, बाजूला पाच फळं, आणि एलियाहू हन्नाबीची, म्हणजे आमच्या एलिया प्रेषिताची गाणी. आजी तिशा बेआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला, 'बिरड्याचा सण' म्हणायची आणि त्या दिवशी केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढायची. भाच्याच्या लग्नाला इस्राएलला गेले होते. मेंदी काढायला बसलो तर शेजारच्या मोरोक्कन बाई ठणकावून म्हणाल्या, मेंदी आमची, तुम्ही कुठून उचलली? आम्ही त्यांना अलिबाग नकाशावर दाखवलं. त्यांना काही पटलं नाही.

इथवर सगळं गमतीचं आहे. धाकटी बहीण इस्राएलात दिमोनाला असते. तिला व्हिडिओ कॉलवर डबे दाखवले तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, ताई, माझ्या सासूला सांगू नकोस. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं होतं की बेने इस्राएल माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आधी त्याची आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन तपासा. बहिणीच्या सासूचं लग्न त्यातच अडकलं. पोलंडकडचा मुलगा होता. नोंदणीच्या कचेरीत तिला पणजीचं नाव विचारलं. ते आलं. पणजीच्या आईचं विचारलं, ते आलं नाही. तुम्हाला येतं? मला नाही येत. ते लग्न झालं नाही.

आणि आता खरी गोष्ट लिहिते, जी आमच्यात कोणी लिहीत नाही. आमच्यात गोरे आणि काळे होते. कातडीचा संबंध नव्हता, घरात गोरी मुलगीसुद्धा 'काळी' असायची. आई-बाप दोघेही बेने इस्राएल असले तर गोरे. कधीतरी कोणा पूर्वजाने बाहेरची बाई केली असली तर तिची लेकरं, त्यांची लेकरं, सगळी काळी. मशिदीत (आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच होतं) मागे बसायचं, किद्दुशचा, म्हणजे आशीर्वाद म्हणून वाटतात तो द्राक्षरस सगळ्यांचा झाला की मग. दफनभूमीत कोपरा वेगळा. आता हे कोणी पाळत नाही, पण लग्न ठरवताना म्हाताऱ्या बायका अजून कुजबुजतात. माझ्या आईच्या आईबद्दल तशी कुजबूज होती. तिची आई म्हणे मूळची आमच्यातली नव्हती, पणजोबा पलटणीत होते, तिथून आणली. खरं-खोटं देव जाणे.

तर भाचीला जे 'फन' वाटतं ते मला तसं वाटत नाही. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी १८३६ साली सरकारला अर्ज केला होता की दफनभूमीत आमच्यात आणि बेने इस्राएलांत भिंत घाला. त्यांनी आम्हाला तपासलं, रब्बींनी तपासलं, आम्ही आमच्यातल्यांना तपासलं. आता थुंकीत काय ते तपासायचं. पण मुलगा म्हणतो, आई, घाबरतेस कशाला, खरं काय ते कळू दे की.

कोणी केलीय का ही चाचणी? आपल्यासारख्या लहान समाजात ती काय दाखवते? आणि निकाल आल्यावर घरात काय झालं तेही सांगा.

चिपळूणचा नातू

आमच्याकडे झालंय हे. आम्ही कोकणस्थ. आमचीही गोष्ट तीच हो. किनाऱ्याला लागलेली प्रेतं परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केली, ते आम्ही. गलबत फुटायचा काय नाद होता त्या किनाऱ्याला कोणास ठाऊक. माझा एक काका घारे डोळे दाखवून अर्धा जन्म सांगत आला की आपण इराणातून, नाहीतर ग्रीसमधून. चुलतभावाने अमेरिकेत चाचणी केली, निकाल आला: दक्षिण आशियाई. काकांनी कौटुंबिक ग्रुप सोडला. दोन दिवसांनी परत आले आणि म्हणाले, कंपनी अमेरिकन आहे, तिला काय कळतं कोकणातलं.

अखंड भारत

ताई, एवढा विचार कशाला? तुम्ही मूळच्या इथल्याच. सगळे मूळचे इथलेच असतात, धर्म नंतर बदलतात. चाचणी करा, तेच येईल.

पेणकरीण

@अखंड भारत, आपुलकीने लिहिलंत, पण बघा, तुम्हीही निकाल आधीच ठरवून बसलात. तिथले लोक म्हणायचे तुम्ही मूळच्या तिथल्या नाहीच, तुम्ही म्हणता इथल्याच. आमच्या आजीला कोणी विचारलंच नाही. तिचं उत्तर तयार असायचं: पेणच्या.

सूक्ष्मदर्शी

मी जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, पण या कंपन्यांशी संबंध नाही. जरा तांत्रिक लिहितो, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

या चाचण्या तुमचा सगळा डीएनए वाचत नाहीत. तीन अब्ज अक्षरांपैकी सहा-सात लाख ठरावीक जागा वाचतात. मग कंपनीकडे जगभरच्या लोकांचे जे नमुने आहेत त्यांच्याशी ताडून बघतात आणि सांगतात की हा तुकडा अमक्या गटासारखा दिसतो. म्हणजे टक्केवारी ही तुमच्या पूर्वजांची मोजणी नसते, कंपनीच्या नमुन्यांशी असलेलं साम्य असतं. नमुने बदलले की टक्केही बदलतात. थुंकी तीच, पण पुढच्या वर्षी निकाल वेगळा दिसू शकतो. ज्यूंचे नमुने बहुतेक ठिकाणी युरोपातल्या अश्केनाझींचे. बेने इस्राएलांचा वेगळा गट नसला तर तुमच्या मुलाला मुख्यतः 'पश्चिम किंवा दक्षिण भारत' असं काहीतरी आणि थोडं पश्चिम आशिया दिसेल. 'ज्यू' हा शब्द कदाचित दिसणारही नाही. त्यावरून त्याने काही ठरवू नये.

आता नेमकं तुमच्या समाजाबद्दल. २०१६ साली बेने इस्राएलांच्या जनुकांवर एक शोधनिबंध आला. त्यात दोन्ही वंश स्पष्ट दिसले, मध्यपूर्वेतला आणि भारतीय. मध्यपूर्वेचा वाटा जास्त करून पुरुषांच्या बाजूने आलेला, भारतीय वाटा जास्त करून स्त्रियांच्या. फक्त आईकडून लेकरांकडे जाणारा जो डीएनए असतो, मायटोकाँड्रियाचा, तो तुमच्या समाजात बऱ्याच अंशी स्थानिकच आहे. म्हणजे गलबताच्या गोष्टीत थोडं तथ्य असावं, पण त्या सात बायकांचं गणित काही जुळत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमच्या आईच्या नमुन्यात मायटोकाँड्रियाचा डीएनए भारतीय आला तरी त्यावरून पणजी 'बाहेरची' होती हे सिद्ध होत नाही. जे स्वतःला गोरे म्हणवत होते त्यांच्याही घरात बहुधा तेच निघेल. काळे-गोरे हा भेद ओळखणारी कोणतीही चाचणी अस्तित्वात नाही.

दोन धोक्याच्या गोष्टी. लहान समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्नं झालेली असतात, त्यामुळे नातेवाइकांची जी यादी येते ती फुगलेली असते. 'तिसरी चुलत बहीण' असं दिसेल, प्रत्यक्षात नातं पाच-सहा ठिकाणांहून लांबचं असेल. आणि खाजगीपणाचं बघा. २०२३ साली एका मोठ्या अमेरिकी कंपनीतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली. ती विकायला काढताना चोरांनी ज्यू वंशाच्या लोकांची यादी वेगळी काढून दाखवली होती. पुढे मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तुम्ही थुंकलात की तुमच्या दिमोनाच्या बहिणीचीही अर्धी माहिती जाते, तिने डबा पाहिला नसला तरी.

मुरूडवाला

कोकणी मुसलमान आहे मी. आमच्या घरी सांगतात पूर्वज अरबस्तानातून आले, व्यापारी होते. असतीलही. माझी आई घावन करताना नारळाच्या रसात गूळ किती घालायचा यावर माझ्या बायकोशी भांडते, तेव्हा त्यात अरबस्तान कुठे दिसत नाही. पेणकरीणताई, मुरूडला माझ्या आजोबांच्या दुकानासमोर तुमच्यातला एक तेली होता. शनिवारी त्याचं तेल मिळायचं नाही म्हणून आजी शुक्रवारीच बुधली भरून आणायची. तुमच्यासारखे कोणी तिथे आता उरले नाहीत. दुकानाची फळी मात्र अजून आहे.

लोदकर काका

बाई, मी इस्राएलातून लिहितो आहे, लोदला असतो. टाइप करायला वेळ लागतो.

आम्ही १९६३ मध्ये भायखळ्याहून बेएर शेवाला आलो, मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पुढल्या उन्हाळ्यात जेरुसलेमात आपल्या लोकांनी धरणं धरलं. वडील आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. रस्त्यावर सतरंज्या घालून बायका बसल्या होत्या, अर्ध्या जणी साडीत. आई डब्यात चपाती आणि बटाट्याची भाजी घेऊन गेली होती. तिथले पोलीस बघून म्हणायचे, हे खरंच ज्यू आहेत का? भाजी बघून त्यांना शंका यायची! पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी आपली बाजू घेतली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत काही फरक नाही. वडिलांनी त्या वर्तमानपत्राचं पान फ्रेम करून लावलं होतं. मी त्या फ्रेमकडे बघून वैतागायचो. मी कोण आहे ते सांगायला संसद कशाला लागते?

आमच्याकडे असे डबे दुकानात विकायला कायद्याने बंदी आहे. माझ्या मुलाने अमेरिकेत केली, मला विचारून केली. त्याच्या यादीत पनवेलचं एक घर निघालं. त्या घरची मुलगी माझ्या मोठ्या भावाला सांगून आली होती, आमच्या आजीने नकार दिला, ते लोक काळे म्हणून. संगणकाने त्यांना आमचे चुलत लावले आहेत. वर सूक्ष्मदर्शी म्हणतात यादी फुगलेली असते. असेल. पण आजीच्या यादीत ते लोक मुळीच नव्हते. भाऊ जन्मभर बिनलग्नाचा राहिला, त्याला मी हे सांगितलेलं नाही.

तुम्ही करा की नका करू, ते मी सांगणार नाही. फक्त निकाल आला तर ग्रुपवर टाकू नका. आपल्यात बातमी हैफापासून ठाण्यापर्यंत चहा निवायच्या आत पोचते.

पेणकरीण

काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. सूक्ष्मदर्शी, तुमचेही मनापासून आभार. मुलाला सगळं वाचायला दिलं. तो म्हणाला, म्हणजे निकाल काहीही आला तरी मी तोच? म्हटलं, हो, आणि कपडे दोरीवरून काढून आण.

मी चाचणी करणार नाही. मला बहिणीला विचारल्याशिवाय तिची अर्धी माहिती कोणाला द्यायची नाही, आणि ती नाही म्हणाली. ह्यांनाही काही पडलेली नाही, त्यांना फक्त मधुमेहाचा रिपोर्ट कळतो. मुलाची नळी भाची नेणार होती, तीही आता थांबवलीय. त्याने आधी मावशीशी बोलावं आणि मग ठरवावं.

पण एक गंमत झाली. मी हे सगळं आईला वाचून दाखवत होते. वय ८४, ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं, खालच्या मजल्यावरही गेलं असेल. काळे-गोरे आलं तेव्हा मी जरा अडखळले. तर ती म्हणाली, वाच की, मला माहीत नाही का? माझी आई पेणच्या मशिदीत शेवटच्या बाकावर बसायची. मी तिच्या मांडीवर. पुढे जायला लागले की हात धरून मागे ओढायची. आणि मग म्हणाली, माझा डबा आण. मी म्हटलं, अगं आई, त्यात ते कळत नाही म्हणतात, सगळ्यांचं सारखंच निघतं. तर म्हणे, तेच तर पाहिजे. सगळ्यांचं सारखं निघतं असं छापील येऊ दे.

बहिणीला परत फोन केला. आईने करायची म्हटल्यावर ती म्हणाली, आईचं ती ठरवेल, तिला मी नाही म्हणणारी कोण.

सूक्ष्मदर्शी, आता व्यावहारिक प्रश्न. आईचं तोंड सारखं कोरडं पडतं, गोळ्यांमुळे. रेघेपर्यंत थुंकी येणार कशी? सकाळी प्रयत्न केला, पाव नळीही भरली नाही, आणि ती दमून गेली.

सूक्ष्मदर्शी

घाई करू नका, पण एका बैठकीत साधारण अर्ध्या तासात नळी भरलेली बरी. आधी अर्धा तास खाणं, पिणं, दात घासणं, काही नको. म्हणून पाणी त्याच्या आधी भरपूर पाजा. मग बाहेरून गाल हळूहळू चोळा, जीभ टाळ्याला लावून फिरवायला सांगा. समोर चिरलेलं लिंबू किंवा कैरी धरा, चाटू मात्र देऊ नका, वासानेच काम होतं. फेस मोजायचा नाही, खालचं पाणी रेघेला लागलं पाहिजे. तरीही जमलं नाही तर गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नमुना घेणाऱ्या कंपन्याही आहेत, भाचीला तसा डबा मिळतो का बघायला सांगा. आणि नाव नोंदवताना नातेवाइकांची यादी दाखवण्याचा पर्याय आधीच बंद करा, तो सुरू असेल तर काकांचं पनवेलचं घर तुमच्याकडेही येईल.

पेणकरीण

कैरी आहे घरात. उद्या सकाळी बघते.